‘चिनी कागदाने आपल्या गिरण्या बुडवल्या’ : एका आलेखाचा प्रतिवाद

चीन आणि इंडोनेशिया भारताला किती कागद विकतात, याची डॉलरमध्ये तुलना करणारा एक आलेख हातोहात फिरतो आहे. त्याखालचा दावा असा, की चीनचा खांब उंच असल्याने आपल्या गिरण्यांवर आलेले संकट चिनी आहे, इंडोनेशिया त्यात किरकोळ आहे, चिनी मालाला शुल्कात मोकळे रान दिले आहे आणि तो अडवला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीचे जुने दिवस परततील. खांबांची उंची अचूक मानली, तरी त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

पहिली चूक मोजमापाची आहे. सीमाशुल्काच्या दरपत्रकात कागदासाठी असलेल्या ४८व्या प्रकरणात झेरॉक्सचा कागद, क्राफ्ट (खोक्यांसाठीचा जाड तपकिरी कागद), टिश्यू, लेबले, वह्या, खोकी आणि भिंतीला लावायचा छापील कागदही येतो. चिकट थर दिलेला लेबलचा कागद वजनाला झेरॉक्सच्या कागदाएवढाच असला तरी किमतीला कितीतरी जड असतो. लिहिण्या-छापण्याचा कागद करणाऱ्या गिरणीला लेबलांच्या आयातीने काही फरक पडत नाही. तिची स्पर्धा तिच्याच प्रतीच्या कागदाशी असते, आणि ती टनांत मोजावी लागते.

त्या प्रतीपुरते पाहिले तर चित्र पालटते. डिसेंबर २०१८ मध्ये भारताने झेरॉक्सच्या कागदावर डम्पिंगविरोधी शुल्क (अवाजवी स्वस्त दराने ओतल्या जाणाऱ्या मालावरचे जादा शुल्क) लावले, ते इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूर यांच्या मालावर. त्या यादीत चीन नव्हताच. इंडोनेशियाचे बळ सुमात्रातल्या रियाऊसारख्या प्रांतांत आहे. तिथे कंपन्यांना सवलतीने मिळालेल्या विस्तीर्ण जमिनींवर अकेशिया पाच-सहा वर्षांत तोडणीला येतो, आणि लगदा व कागद एकाच आवारात तयार होतो. आपल्याकडे १९८८च्या वननीतीने उद्योगांना लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितले. त्यामुळे सुबाभूळ आणि निलगिरीचा भाव चढला की गिरणीचा हिशेब कोलमडतो. ही तफावत चीनला अडवून भरून निघणारी नाही.

शुल्काबाबतचा दावा तर उलटाच आहे. कागदावरचे सर्वसाधारण मूळ आयातशुल्क १० टक्के आहे. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या आणि २०१० पासून अमलात आलेल्या मुक्त व्यापार करारामुळे इंडोनेशियाच्या जवळजवळ सर्व कागदावर ते जानेवारी २०१४ पासून शून्य झाले. चीनला आशिया-पॅसिफिक व्यापार करारात मिळते ती केवळ अंशतः सूट. मोकळे रान कोणाला दिले, हे आलेख करणाऱ्याने एकदा दरपत्रकात पाहायला हवे होते.

शिवाय हा व्यापार एकेरी नाही. चीनने जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात पूर्ण थांबवली. तिथल्या खोके उद्योगाला रद्दीपासून झालेला तंतू हवाच होता, आणि तो भारतीय क्राफ्टच्या रिळांच्या रूपाने जाऊ लागला. इकडे क्राफ्ट महागला आणि पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या लघुउद्योजकांनी गाऱ्हाणे मांडले ते या निर्यातीविरुद्ध. तेव्हा चीनला दोष देणाऱ्यांना हा चीन आपले गिऱ्हाईक आहे, हे आठवले नाही.

चीनकडून धोका नाही, असे मी म्हणत नाही. औषधांच्या व प्रसाधनांच्या डब्यांसाठी लागणाऱ्या कोऱ्या (रद्दीपासून न केलेल्या) लगद्याच्या बहुस्तरीय पुठ्ठ्याची स्वस्त आयात ही खरी डोकेदुखी आहे. मात्र त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये टनाला ६७,२२० रुपये अशी किमान आयात किंमत (त्याहून स्वस्त माल आणता येऊ नये म्हणून) ठरवली गेली, ती माल कोणत्या देशाचा हे न पाहता.

राहता राहिले बल्लारपूर. ती गिरणी चालवणाऱ्या उद्योगसमूहाने २००७ मध्ये मलेशियातल्या साबा इथली गिरणी विकत घेतली, आणि त्याची मुख्य कंपनी जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ती कर्ज थकल्यामुळे. दोन देशांच्या निर्यातीचे खांब शेजारी उभे केल्याने त्या कर्जाचा हिशेब लागत नाही.