किल्ले ओस पडले, हे पटत नाही

ब्रिटनमधल्या रोमन किल्ल्यांवरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘४१० साली रोमन निघून गेले आणि हेड्रियनच्या भिंतीवरचे किल्ले ओस पडले’ हे विधान आता टिकत नाही. (ही भिंत म्हणजे रोमनांनी उत्तर इंग्लंडमध्ये उभारलेली सीमेवरची तटबंदी.) याच भिंतीवरच्या, कंब्रिया परगण्यातल्या बर्डोस्वाल्ड किल्ल्याचंच बघा, रोमन काळात त्याचं नाव बान्ना. तिथे पुरातत्त्वज्ञ टोनी विल्मॉट यांनी १९८७ ते १९९२ दरम्यान खोदकाम केलं. शेजारी शेजारी दोन धान्यकोठारं होती. दक्षिणेकडच्या कोठारात जमिनीखाली हवा खेळायला पोकळी होती. चौथ्या शतकात ती बुजवून वर नव्याने फरशी घातली आणि एका टोकाला चुली मांडल्या. त्या चुलींपाशी सोन्याचं कर्णभूषण, काचेची अंगठी आणि चौथ्या शतकाच्या अखेरच्या थिओडोसियस या रोमन सम्राटाच्या काळातलं झिजलेलं नाणं मिळालं. धान्य साठवायच्या जागी हे कशाला येईल? माझ्या मते तिथे किल्ल्याचा प्रमुख आपल्या माणसांसह बसत असणार.

उत्तरेकडच्या कोठाराचं छप्पर कोसळलं होतं. त्याच्या जागेवर आधी एक लाकडी इमारत उभी राहिली, नंतर आणखी एक, थेट किल्ल्याच्या पश्चिम दरवाजाच्या रेषेत. म्हणजे वस्ती पाचव्या शतकात चांगली खोलवर, कदाचित सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. सैनिक तोवर बहुतेक स्थानिकच झाले होते; रोमकडून येणारा पगार थांबला म्हणून ते घरदार सोडून कुठे जाणार?

दुसऱ्या इमारतीचे खांब नुसत्या दगडांवर टेकवलेले होते, खड्डेसुद्धा नाहीत, म्हणजे खोदताना खूण सहज हुकण्यासारखी. जुन्या काळी फक्त दगडी भिंतींचा माग काढत खोदलेल्या किल्ल्यांत असे किती थर उपसून फेकले गेले असतील, याचं फार वाईट वाटतं.