बाथरूमचं दार किती इंच?

आज सकाळी एका मैत्रिणीशी बोलता बोलता हॉटेलचा विषय निघाला तर ती सहज म्हणाली, "अगं, त्या फोटोंवर आणि वर्णनावर विश्वास ठेवतंच कोण, चूक तुझीच." तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणजे त्यांनी खोटं लिहायचं आणि मी ते खरं मानलं तर चूक माझी?

आईचं सांगते. दोन वर्षं झाली, ती व्हीलचेअरवर आहे, उभं राहता येत नाही. खूप दिवसांनी तिला घेऊन दोन दिवस कुठेतरी जायचं ठरवलं, आम्ही दोघीच. रूमच्या वर्णनात स्वच्छ लिहिलेलं, 'व्हीलचेअरसाठी सोयीची'. तरी मी फोन केला. "हो हो मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाही." गेलो. बाहेर रॅम्प होता, लिफ्ट होती, रूम पण ऐसपैस. आणि बाथरूमचं दार २२ इंच, वर आत जायला एक पायरी. आईची खुर्ची २५ इंच आहे.

मॅनेजर म्हणाले, दोन मुलं पाठवतो, उचलून नेतील. आई काही बोलली नाही. रात्री मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिने तो हळूच बाजूला सरकवला, तहान नाही म्हणाली. दिवसभर उन्हातून आलेल्या बाईला तहान नाही! मला कळायला अर्धा तास लागला की पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, आणि मग ती दोन अनोळखी मुलं येतील, म्हणून ती पीत नाहीये.

बाकीचे प्रकार मी एक वेळ सोडून देईन. वाइड लेन्स लावून कोपऱ्यातून काढलेला फोटो ज्यात पलंगाच्या बाजूची वीतभर जागा अंगणाएवढी दिसते, सगळ्यात महागड्या रूमचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'फोटो केवळ नमुन्यादाखल', खिडकी आहे म्हणतात आणि ती डक्टमध्ये उघडते, चौरस फूट सांगतात पण त्यात बाल्कनी धरली की नाही ते सांगत नाहीत, 'सी व्ह्यू' लिहितात आणि समुद्र दिसतो तो बाल्कनीच्या टोकाला जाऊन मान वळवली तर. स्टारचं तर काय बोलायचं, जगभर त्याचं एक माप नाहीच, प्रत्येक देशाचे निकष वेगळे. त्रास होतो, चिडचिड होते, पण रात्र निघते.

आईची ती रात्र निघाली नाही. म्हणजे निघाली, पण तहानलेली.

ठीक आहे, जुन्या इमारतीत दारं रुंद करता येत नाहीत, मान्य. मी कुठे म्हणतेय भिंती फोडा? मी म्हणतेय २२ इंच आहे तर २२ इंच लिहा!! एक आकडा. 'सोयीची' हा शब्द नको मला, सोय आहे का ते मी ठरवेन, माझ्याकडे पण टेप आहे. अमेरिकेत २०१२ पासून नियमच आहे की हॉटेलने बुकिंगच्या वेळी अपंगांसाठीच्या सोयींचं इतक्या तपशिलात वर्णन द्यायचं की आपल्याला ती जागा जमेल का हे माणसाला स्वतःच ठरवता आलं पाहिजे. आणि तिथल्या मानकात दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी जागा लागते. हा ३२ आकडा मी त्या ट्रिपनंतर पाठ केलाय.

आणि हो, फोनवर "काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणणारा तो मुलगा बहुतेक त्या बाथरूमपर्यंत कधी गेलाही नसेल. त्याला कोणी सांगितलंच नसेल की माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, जाऊन बघ. त्याच्यावर माझा राग नाही. होता, आता नाही.

हे टाइप करत असतानाच एक फोन आला. आई परत कुठेतरी जाऊया म्हणतेय (हो, ती स्वतःच म्हणतेय), म्हणून दुपारी एका ठिकाणी दाराची रुंदी विचारली होती. तिथले गृहस्थ म्हणाले होते, बघून सांगतो. त्यांनी खरंच टेप घेऊन मोजलं. म्हणाले, "ताई, २४ भरतंय. तुमची खुर्ची नाही जाणार. सॉरी हं, आईंना त्रास नको व्हायला." मला एकदम भरूनच आलं, धड थँक्यू पण म्हणता आलं नाही. हातातलं बुकिंग सोडलं त्या माणसाने.

रूम अजून शोधतेय. तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी राहिला असाल जिथे बाथरूमला पायरी नाही आणि दार निदान २८ इंच आहे, तर प्लीज सांगा. नुसतं 'छान आहे' नको, इंच सांगा.