शिंदळ माकुडी, कुंडीत!

आज शेजारी गणपतीच्या आरतीला गेलो आणि प्रसाद घशातच अडकला. बाल्कनीत, तुळस आणि मनी प्लांटच्या मधे, शिंदळ माकुडी! रुपयाएवढं चांदणीसारखं फूल, साकळलेल्या रक्ताच्या रंगाचं, वर पिवळे ठिपके. "शिवनेरीला गेलो होतो ना, तिथून आणलं," काकू कौतुकाने म्हणाल्या.

मंडळी, हे झाड अख्ख्या जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, तेही मोजक्या कड्यांवर. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड... बोटांवर मोजावं इतकंच. इंदूरमध्ये आपण चॉकलेटचा कागद रस्त्यावर टाकत नाही, स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून कॉलर ताठ. आणि गडावर जाऊन रोपं उपटता?

1993 साली बाबांनी मला शिवनेरीवरच हे फूल दाखवलं. मी सातवीत. कड्याशी पालथा पडलेलो, मागून बाबांनी शर्ट घट्ट धरलेला. खाली कातळाच्या भेगेत जाड पानांचा झुबका, दोन फुलं, फुलांवर माश्या. परागीभवन त्याच करतात. नाव ऐकून फिदीफिदी हसलो, तर टपली बसली. (डाल्झेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ साहेबाने 1860च्या दशकात मुंबईच्या गव्हर्नर फ्रियरवरून फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव ठेवलं. साहेबाला मान आणि मराठीत शिवी! असो.)

हो, माहितीये, फांदी खोचली तरी रुजते, बागांमधून वाढवलीये. मान्य. मग तिथून मागून घ्या ना! शेळीचं तोंड पोचत नाही तिथे बिचारी टिकली, आता तिथे आपले हात.

हे सगळं काकूंना आवाज चढवूनच ऐकवलं. आरतीच्या घरात. घरी आलो आणि तो शर्ट पुन्हा आठवला.

खरं सांगतो. बाबांनी शर्ट धरला होता, माझे हात त्यांना दिसत नव्हते. उठलो तेव्हा खिशात एक फांदी होती. इंदूरला येऊन डालड्याच्या डब्यात लावली, सकाळ-संध्याकाळ पाणी. पंधरा दिवसांत बुडापासून कुजली. बाबांनी डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर वाचायला बसले. टपलीसुद्धा नाही.

मगाशी परत शेजारी जाऊन आलो. काकू घुश्शातच होत्या. म्हटलं, रोज पाणी घालू नका, मातीत वाळू मिसळा, उन्हाळ्यात पानं गळाली तर मेलं समजून फेकू नका.

त्यांनी न बोलता मोदक पुढे केला. खाल्ला.