मान खाली गेली की समजावं, अभिप्राय पोचला

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमधला, म्हणजे सरावाच्या खोलीतला, लुटुपुटीचा प्रसंग आत्ताच संपला आहे. डमीला रक्त चालू होतं, म्हणजे पिशवीत लाल रंगाचं पाणी. दहाव्या मिनिटाला तुम्ही, ट्यूटर, काचेमागून माइकवर कण्हत ‘सिस्टर, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय’ म्हणालात आणि मॉनिटरवर नाडी १२६, बीपी ८४/५० केलंत. शिकाऊ मुलीने नळीवरचा रोलर फिरवून थेंब कमी केले, ब्लँकेट घातलं आणि डॉक्टरांना फोन लावला. रक्त बंद काही केलं नाही. आता तिला विधायक अभिप्राय द्यायचा आहे.

मुळीच जागा बदलू नका. दुसऱ्या खोलीत गोलात बसवलं, पाणी दिलं, दोन मिनिटं मन मोकळं करू दिलं, तर हाताची थरथर थांबते आणि मुलगी विचार करू लागते. ग्लोव्हज हातात असतानाच, डमीच्या उशाशी उभी करून सुरुवात करा. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पेशंट गेला असता ना?’

नंतरच्या चर्चेला प्रसंगाइतका तरी वेळ हवा, शक्यतो दुप्पट, असं जाणकार सांगतात. म्हणजे १२ मिनिटांच्या प्रसंगाला २४ मिनिटं! एवढा वेळ कोणाकडे आहे? २०२१च्या सुधारित बीएससी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशन, म्हणजे असे लुटुपुटीचे प्रसंग, आलं, पण दिवसाचे तास थोडेच वाढले? सहा मिनिटं पुष्कळ झाली. त्यातली पाच तुमची, उरलेलं एक तिच्या ‘सॉरी मॅडम’चं.

चेकलिस्ट वाचून दाखवा. ‘रक्त लगेच बंद केलं नाही, शून्य. बीटी सेट, म्हणजे रक्ताची नळी, काढून शिरेतल्या कॅन्युलाला नव्या सेटने नॉर्मल सलाईन लावलं नाही, शून्य. पिशवी आणि मनगटावरचा पट्टा पुन्हा ताडून पाहिला नाही, शून्य. पिशवी सेटसकट ब्लड बँकेत पाठवली नाही, शून्य.’ नवा सेट का, हे सांगत बसू नका. जुन्याच सेटमधून सलाईन सोडलं तर नळीत उरलेलं तेच रक्त पेशंटच्या अंगात ढकललं जातं, हे एकदा कळलं की पायरी आयुष्यभर लक्षात राहते. मग पुढच्या बॅचला रागवायला काय उरेल?

आता सगळ्यात धोकादायक गोष्ट. काही ट्यूटर म्हणे असं बोलतात: ‘थंडी वाजतेय म्हटल्यावर तू थेंब कमी केलेस, पण रक्त चालू ठेवलंस. मला काळजी वाटली, कारण गट जुळत नसेल तर जितकं रक्त जास्त जाईल तितका धोका वाढतो. त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?’ आणि मग गप्प बसतात! पाच सेकंद, दहा सेकंद. असं कधीही करू नका. त्या शांततेत मुलगी खरं बोलून जाते: ‘मॅडम, रक्त डॉक्टरांनी लावायला सांगितलं होतं. त्यांना न विचारता बंद कसं करू?’ झाली ना पंचाईत! पायऱ्या तिला पाठ होत्या. अडलं ते ‘ऑर्डरशिवाय हात लावायचा नाही’ या शिकवणीपाशी, आणि ती शिकवण वॉर्डात कोणी दिली, हा विषय निघाला की आपल्यालाच घाम फुटतो. तेव्हा ‘का’ विचारायचंच असेल तर ‘का नाही केलंस?’ असं विचारा. त्याला उत्तर नसतं, फक्त मान खाली जाते.

गोड-तिखट-गोड पद्धतही चालेल, वडापावसारखी. ‘युनिफॉर्म छान इस्त्रीचा होता, बाकी सगळं चुकलं, प्रयत्न चांगला.’ नेमकं कौतुक मात्र टाळा. तिने सुरुवातीला दुसऱ्या मुलीबरोबर नाव, नंबर, रक्तगट मोठ्याने वाचून ताडले होते आणि पहिली काही मिनिटं कॉट सोडली नव्हती. हे बोलून दाखवलंत तर ती पुन्हा तसंच करेल.

रेकॉर्डिंग असेल तर बाराच्या बारा मिनिटं दाखवा. ती रोलरकडे हात नेते आणि दरवाजाकडे बघते, एवढे वीस सेकंदच दाखवले तर उगाच सगळ्यांना मुद्दा कळायचा. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वीसजणींना काही निरीक्षण करायला देऊ नका. एकीने वेळ मोजायची, दुसरीने कोण कोणाला काय म्हणालं ते लिहायचं, असली कामं दिली की त्या बोलू लागतात. त्यांनी हसावं, एवढं पुरे. आणि तोच प्रसंग लगेच पुन्हा करून बघायची मागणी कोणी केली तर घड्याळ दाखवा.

शेवटी हजेरीवर सह्या घ्या, डमीसोबत हसतमुख ग्रुप फोटो काढा, फाइलला लागतो. दिवे घालवून निघा. लाल पाणी अजून थेंब-थेंब चालूच असेल. संध्याकाळी झाडायला आलेल्या मावशी कोणाची ऑर्डर न घेता बंद करतील.