वरून हिरवं दिसतं, म्हणजे झाड वाढतंय असं नाही

आमच्याकडे सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: गोव्याचा साठ टक्के भाग जंगल आहे, उपग्रह सगळं टिपतो, तेव्हा लागवडीत टेप घेऊन खोडं मोजत फिरणारी माणसं म्हणजे फुकटचा खर्च, आणि विरळणी, म्हणजे दाट लागवडीतली काही झाडं काढणं, ही तर झाडांची कत्तलच. वाळपईकडच्या सागाच्या लागवडीत त्या टेपचं एक टोक मी धरलेलं आहे, म्हणून लिहितो.

साठ टक्क्यांचा आकडा खरा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात २,२४४ चौ. किमी, म्हणजे ६०.६२ टक्के. पण व्याख्या बघा: हेक्टरभर जागेत झाडोरा १० टक्क्यांच्या वर दिसला की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कसलं, हे विचारत नाहीत. तुमच्या काकांचं काजूचं रान आणि नारळाचं भाटही त्यातच. सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन याच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते.

आता उपग्रह. या अहवालाची चित्रं ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात, कारण पावसात आभाळ भरलेलं. आणि सागाची पानं खाणारी अळी येते ती पहिल्या पावसाबरोबर, कोवळ्या पालवीवर. रानात उभं राहिलं तर वरून विष्ठेचे कण टपटपताना ऐकू येतात. पानांच्या शिरा तेवढ्या उरतात. मग झाड पुन्हा पालवतं आणि ऑक्टोबरात वरून सगळं आलबेल दिसतं. त्या काळात खोड काही वाढलेलं नसतं. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या लागवडींत अळीपासून राखलेली आणि न राखलेली झाडं पाच वर्षं मोजली. वाढू शकणाऱ्या लाकडातलं ४४ टक्के अळीपायी गेलेलं निघालं. कळलं ते खोडं मोजून.

मोजणी म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतार असेल तर चढाच्या बाजूने, खोडाला टेप लावून घेर बघायचा. तिथे रंगाचा पट्टा मारतात, पुढच्या वेळी टेप तिथेच पडावा म्हणून. "बासष्ट!" आम्ही ओरडायचो. वहीवाला म्हणायचा, "गेल्या साली त्रेसष्ट होता, परत लाव." झाड काय आटतंय? टेप तिरका, नाहीतर साल सुटलेली. आणि गंमत म्हणजे, उपग्रहाचे नकाशे करणारं ते वन सर्वेक्षणही देशभर नमुना-भूखंड आखून असंच टेप लावतं.

काजूचं तर विचारूच नका. खोडकिडा लागला की बुंध्याशी तांबूस भुसा आणि डिंक दिसतो, तेव्हा वरची पानं अजून हिरवीच असतात. ती पिवळी पडेपर्यंत साल आतून पोखरलेली असते. वाकून बुंधा बघणारं माणूसच लागतं.

वणव्याला मात्र उपग्रह हवाच. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यासकट आपली रानं पेटली, तेव्हा ते पटलं.

राहिली विरळणी. दोन-दोन मीटरवर साग लावला की हेक्टरी २,५०० रोपं होतात. सागाला ऊन लागतं. सगळी ठेवली तर उन्हासाठी नुसती उंच पळतात आणि काठ्यांसारखी बारीक राहतात. कुठलं काढायचं हे घेराच्या वहीवरून ठरतं. विरळणीच्या नावाखाली जाडजूड झाडं नेली तर ओरड जरूर करा. पण ते सिद्ध करायलाही त्याच वहीतला झाडाचा नंबर आणि घेर दाखवावा लागेल.