हरणे वाढली म्हणून माळ सावरला असे होत नाही

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याविषयी एक समज तिथल्या आपल्या मंडळींमध्ये वारंवार ऐकू येतो, आणि हल्ली तो तयार मजकुराच्या रूपात पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: इलिनॉय ही मुळात गवताची ओसाड जमीन होती, शेतकऱ्यांनी ती कामाला लावली, पुढे बेसुमार शिकार थांबली आणि निसर्ग आपोआप सावरला. याचा पुरावा म्हणून अंगणात येणारी हरणे, तळ्याकाठचे कॅनडा गूज हे रानहंस, नद्यांवर परतलेले गरुड आणि उड्या मारून बोटीत पडणारे मासे यांचा दाखला दिला जातो. कायोटी हे लांडग्याचे लहान भाऊबंद तेवढे बाहेरून घुसले आहेत, असेही त्यात म्हटलेले असते. शेवटी आवाहन असते, की राखीव माळ जाळण्याचा उद्योग बंद करून तिथे झाडे लावावीत.

यातली बहुतेक निरीक्षणे खरी आहेत आणि म्हणूनच हा मजकूर पटतो. हरणे दिसतात, गरुड दिसतात, मासे खरोखरच उडतात. आक्षेप आहे तो त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांवर.

पहिला मुद्दा ओसाडपणाचा. १८२०च्या सुमारास इलिनॉयचा सुमारे ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ २ कोटी २० लाख एकर, प्रेअरीने, म्हणजे उंच गवताच्या माळाने, व्यापलेला होता; उरलेल्या बऱ्याचशा भागात ओक आणि हिकरीची पानझडी जंगले होती. पश्चिमेला मिसिसिपी, दक्षिणेला ओहायो, पूर्वेला वॉबॅश आणि मधून इलिनॉय, रॉक, सँगमन, कॅस्कॅस्किया अशा नद्यांचे जाळे असल्यामुळे माळ, जंगल आणि दलदल एकमेकांत शिरलेली होती. अशा जमिनीला ओसाड म्हणायचे असेल तर ती पायी चालून पाहिलेली नसावी. पॅक्स्टन गावातल्या प्रॉस्पेक्ट स्मशानभूमीला लागून सुमारे पाच एकरांचा एक तुकडा शिल्लक आहे. दफनभूमीचा भाग असल्यामुळे त्यावर कधी नांगर फिरला नाही, एवढेच त्याचे नशीब. ऑगस्टमध्ये तिथे बिग ब्लूस्टेम हे गवत डोक्याच्या वर जाते आणि त्याचा तुरा टर्कीच्या पावलासारखा तीन बोटांत फुटलेला असतो. मधूनच कंपास प्लांटची खरखरीत, खोलवर कातरलेली पाने उभी असतात, आणि दुपारच्या उन्हाचा मारा चुकवण्यासाठी त्यांच्या कडा उत्तर-दक्षिण वळलेल्या असतात. या झाडाचे मूळ चार मीटरांहून खोल जाऊ शकते. ज्या काळ्या मातीवर आज मका आणि सोयाबीन उभे आहे, ती माती अशाच मुळांनी हजारो वर्षे उगवून आणि कुजून तयार केली. ओसाड जमिनीतून एवढे पीक निघाले असते का, हा प्रश्न मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावा.

ही जमीन कामाला कशी लागली, हेही थोडे सांगायला हवे. चिकट मातीत लोखंडी नांगर अडत असे. १८३७ मध्ये रॉक नदीकाठच्या ग्रँड डिटूर या गावी जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, पुढे जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालून ओल काढली गेली, आणि दोन पिढ्यांत बहुतेक माळ संपला. १९७०च्या दशकात राज्याने मूळ स्वरूपातल्या जागांची मोजणी केली, तेव्हा उत्तम स्थितीतली प्रेअरी सुमारे अडीच हजार एकर भरली, म्हणजे दहा हजार एकरांमागे साधारण एक. तीही बहुतांशी रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींत आणि नांगराला न जुमानणाऱ्या खडकाळ किंवा वाळूच्या उतारांवर.

दुसरा मुद्दा हरणे आणि कॅनडा गूज यांचा. हा या मजकुराचा कणा आहे, म्हणून याकडे नीट पाहू. पांढऱ्या शेपटीचे हरीण विसाव्या शतकाच्या आरंभी इलिनॉयमधून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९०१ मध्ये त्याची शिकार बंद करावी लागली, १९३०च्या दशकात हरणे बाहेरून आणून सोडली गेली आणि १९५७ मध्ये पुन्हा मर्यादित शिकार सुरू झाली. कॅनडा गूजची मोठी उपजात तर नामशेष झाली असेच मानले जात होते. १९६२ मध्ये इलिनॉयच्या निसर्ग-इतिहास सर्वेक्षण संस्थेतले हॅरोल्ड हॅन्सन यांना मिनेसोटातल्या रॉचेस्टर येथे ती पुन्हा सापडली, आणि नंतर ती वाढवून ठिकठिकाणी सोडण्यात आली. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. मात्र दोन्ही प्राणी शेत, हिरवळ, तळे आणि झाडांची झुडपी कड अशा मानवी रचनेत सुखाने राहणारे आहेत. त्यांच्या संख्येवरून माळाची प्रकृती ठरवणे, म्हणजे गावात कावळे वाढले म्हणून नान्नजचा माळढोक सुखरूप आहे असे म्हणण्यासारखे आहे. उलट, हरणे फार झाली की जंगलाच्या तळाचे नुकसान होते: ओकची रोपे खुडली जातात आणि ट्रिलियमसारखी वसंतातली फुले कमी होत जातात. इलिनॉयमध्ये या ट्रिलियमच्या उंचीवरून त्या जंगलातला हरणांच्या चराईचा दाब ओळखण्याची पद्धतच अभ्यासकांनी सुचवली.

माळाची प्रकृती पाहायची तर प्रेअरी चिकन या पक्ष्याकडे पाहावे. वसंतातल्या पहाटे नर ठरलेल्या उघड्या जागी जमतात, मानेवरची पिसे कानांसारखी उभारतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि दूरवर जाणारा घुमारा काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे पक्षी राज्यात लाखोंनी होते. १९६२ मध्ये सुमारे दोन हजार उरले आणि १९९४ पर्यंत पन्नासहूनही कमी. जॅस्पर आणि मॅरियन या परगण्यांमधल्या छोट्या राखीव माळांवर त्यांना संरक्षण मिळत होते, शिकार नव्हती, तरीही संख्या घसरतच गेली, कारण एकाकी पडलेल्या कळपात आपापसातच वीण होऊन जनुकीय विविधता आटली आणि अंडी उबण्याचे प्रमाण कमी झाले. १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून पक्षी आणले, तेव्हा ते प्रमाण पुन्हा वर आले. शिकार थांबवणे पुरते, हे मजकुरातले गृहीतक इथेच पडते. जमीन तुकड्यातुकड्यांची राहिली, तर संरक्षित जीवही आतून खचतो.

मोनार्क फुलपाखराचीही गोष्ट थोडीफार तशीच. हे इलिनॉयचे राज्य-कीटक आहे, १९७५ पासून. त्याच्या अळ्या मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या वनस्पतीवरच वाढतात (आपल्याकडचा बिबळ्या कडवा हा त्याचाच जवळचा नातलग, आणि तो रुईवर वाढतो). तणनाशकाला दाद न देणारी मका आणि सोयाबीनची वाणे आल्यावर उभ्या पिकातही तणनाशक फवारले जाऊ लागले आणि शेतांच्या ओळींमधले मिल्कवीड बहुतांशी गेले. अंगणातली हरणे मोजून हे कळत नाही.

तिसरा मुद्दा ‘आपोआप’ या शब्दाचा. गरुड परतले ते डीडीटी या कीटकनाशकावर १९७२ मध्ये आलेल्या बंदीमुळे आणि त्यांना मारण्यावर असलेल्या कायदेशीर मनाईमुळे. संघराज्याच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून त्यांना काढायला २००७ उजाडले. पाणमांजर १९८९ मध्ये राज्याच्या संकटग्रस्त यादीत होते. १९९४ ते १९९७ या काळात लुईझियानातून ३४६ पाणमांजरे आणून सोडली, आणि २००४ मध्ये ते यादीतून बाहेर आले. नाचूसा येथील माळ १९८६ पासून एका खासगी संवर्धन संस्थेने आणि तिच्या स्वयंसेवकांनी बी गोळा करून, पेरून, निंदून उभा केला आणि २०१४ मध्ये तिथे बायसन आणले. मिडेविनचा माळ तर जोलिएतच्या जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर पुन्हा उभा केला जात आहे. दक्षिणेला शॉनी राष्ट्रीय वनात कड्यांच्या कपारींत हिवाळा काढणारे साप वसंतात दलदलीकडे उतरतात आणि शरदात परततात. त्यांच्यासाठी तिथला सुमारे चार किलोमीटरचा रस्ता वर्षातून दोनदा, दोन-दोन महिने, वाहनांना बंद केला जातो, आणि हे १९७२ पासून चालू आहे. यापैकी कशालाच आपोआप म्हणता येणार नाही. जिथे कोणी हात घातला नाही, तिथे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे: शेवटचे पॅसेंजर कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले, आणि शेवटचा कॅरोलायना पोपट त्याच प्राणिसंग्रहालयात १९१८ मध्ये.

कायोटीबद्दल फार लिहायला नको. तो या माळाचा मूळ रहिवासी आहे आणि जुन्या वसाहतकारांनी त्याला प्रेअरीचा लांडगा म्हटले होते. खरा लांडगा गेल्यावर त्याला मोकळे रान मिळाले. शिकागो परिसरात २००० पासून चाललेल्या अभ्यासात त्याच्या आहारात उंदीर-घुशींसारख्या कृंतकांचा वाटा सर्वात मोठा आढळला. लहान कुत्रा रात्री बाहेर एकटा सोडू नये, एवढा सल्ला मात्र मी देईन.

आता मासे. इलिनॉय नदीत मोटारबोटीच्या आवाजाने बिचकून हवेत उसळणारे मासे हे सिल्व्हर कार्प आहेत. १९७०च्या दशकात तळी आणि सांडपाण्याची कुंडे स्वच्छ ठेवण्यासाठी ते आशियातून आर्कान्सामध्ये आणले गेले आणि तिथून निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरले. ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, गाळून खातात. गिझर्ड शॅड आणि बिगमाउथ बफेलो हे इथले मूळ मासे, आणि बहुतेक सगळ्या माशांची पिल्ले, त्याच अन्नावर जगतात. कार्प वाढल्यानंतर नदीतल्या या दोन्ही मूळ माशांची अंगकाठी खालावल्याचे मोजमापातून दिसले आहे. शिकागोचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून खोदलेल्या आणि १९०० मध्ये खुल्या झालेल्या कालव्याने मिसिसिपीचे खोरे मिशिगन सरोवराला जोडले गेले, आणि आता त्याच कालव्यात रोमिओव्हिल येथे कार्पला अडवण्यासाठी पाण्यात वीज सोडावी लागते. मासे उसळतात ते नदी निरोगी असल्याचे चिन्ह मानणे म्हणजे दुखणे पाहून तब्येतीची वाखाणणी करणे होय.

नदीचे आरोग्य तळाशी कळते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे तीनशे जाती उत्तर अमेरिकेत आहेत, जगात इतरत्र कुठेही इतकी विविधता नाही, आणि त्यांचा मोठा वाटा या मध्यवर्ती नद्यांमध्ये होता. यातल्या पॉकेटबुक नावाच्या शिंपल्याची मादी वाळूत अर्धी रुतून बसते आणि आपल्या आवरणाची एक झालर बाहेर काढून हलवत राहते. त्या झालरीवर डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, शेपटीसारखे टोक असते, आणि ती हुबेहूब लहान माशासारखी दिसते. बास मासा भक्ष्य समजून तिच्यावर झडप घालतो, तोच मादी हजारो सूक्ष्म पिल्ले त्याच्या तोंडावर सोडते; ती कल्ल्यांना चिकटतात, काही आठवडे तिथे वाढतात आणि मग गळून तळाशी स्थिरावतात. योग्य मासा नसेल तर पुढची पिढी नाही, आणि तळ गाळाने भरला तरीही नाही. १८९१ मध्ये जॉन बोपल या जर्मन कारागिराने मिसिसिपीच्या आयोवा काठावरच्या मस्कटीनमध्ये शिंपल्यांपासून बटणे कापायला सुरुवात केली, आणि पुढच्या वीस वर्षांत तळावरचे थरच्या थर उपसले गेले. धरणे, शेतातला गाळ आणि सांडपाणी यांनी उरलेले काम केले. इलिनॉयमध्ये पूर्वी ऐंशीच्या आसपास जाती होत्या. त्यातल्या कितीतरी राज्यातून गेल्या आहेत. बोटीत पडणाऱ्या माशाचे चित्रण सगळेजण करतात. शिंपला कोणाच्या कॅमेऱ्यात येत नाही.

शेवटचा मुद्दा, आगीचा आणि झाडांचा. माळ जाळला की प्राणी मरतात, हे अंशतः खरे आहे. काही कीटकांची अंडी आणि अळ्या वाळल्या काड्यांमध्ये किंवा पाचोळ्यात हिवाळा काढतात आणि आगीत सापडतात. म्हणूनच जाणकार मंडळी सगळा माळ एका वर्षी जाळत नाहीत. तुकडे आखून, वारा आणि ओल पाहून, आळीपाळीने जाळतात. कासवे आणि साप जाळण्याच्या ऋतूत बहुधा जमिनीखाली असतात. गवताचा वाढीचा कोंब मातीच्या खाली असल्यामुळे त्याला धग लागत नाही, तर माळात शिरणारी झुडपे मात्र करपतात. काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि गवत जोमाने फुटते. हा काही आजच्या शास्त्रज्ञांचा नवा छंद नाही. पोटावाटोमी, किकापू, इलिनी हे इथले मूळ लोक शतकानुशतके माळ जाळत आले, आणि बर ओकची बोटभर जाड, भेगाळलेली साल ही त्या आगींशी जुळवून घेतलेल्या झाडाची साल आहे. आग थांबली की ओकच्या जंगलातसुद्धा सावली सोसणारे शुगर मेपल दाट वाढतात, ओकच्या रोपांना ऊन मिळत नाही, आणि उघड्या ओक-रानात राहणाऱ्या लाल डोक्याच्या सुतार पक्ष्याची जागा जाते. म्हणजे आग बंद करून झाडे वाढवायचा सल्ला मानला, तर माळ जातोच आणि ओकही जातो.

मोकळ्या गवतावर झाडे लावणे म्हणजे सुधारणा, ही समजूत आपल्याकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली हे सांगणे कठीण आहे. महाराष्ट्रातही माळरानांची नोंद पडीक म्हणून होत आली आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जगभर झाडे लावण्याजोग्या जमिनीचा मोठा हिशेब छापून आला, तेव्हा त्यात नैसर्गिक गवताळ प्रदेशही धरले आहेत, अशी टीका गवताळ प्रदेशांच्या अभ्यासकांनी केली होती.

ज्यांना इलिनॉयमध्ये झाडे लावायचीच आहेत, त्यांच्यासाठी जागा आहे. राज्याच्या दक्षिण टोकाला कॅश नदीच्या काठी हजार वर्षांहून जुने सायप्रस अजून पाण्यात उभे आहेत, आणि त्यांच्याभोवतीची ओक, हिकरी, टुपेलोची पूरजंगले शेतीसाठी तोडली गेली होती. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सायप्रस क्रीक अभयारण्यात अशा शेतजमिनी विकत घेऊन तिथे पुन्हा पानझडी झाडे लावली जात आहेत. मिळेल ते रोप न आणता याच खोऱ्यातल्या बियांपासून वाढवलेली रोपे घ्यावीत, आणि हरणांपासून वाचवण्यासाठी प्रत्येकाभोवती पहिली काही वर्षे जाळीची नळी बसवावी.