नाशिकरोडला वेळेवर पोचण्याचे काही उपाय

परवा आत्याला मुंबईच्या गाडीत बसवायला निघालो. नाशिकच्या गंगापूर रोडवरून नाशिकरोड स्टेशन, हातात सव्वा तास. गाडी नेमकी त्याच दिवशी वेळेवर. ती सुटली तेव्हा आम्ही वाटेतल्या द्वारका चौकात अडकलेलो. आत्या पिशवी मांडीवर धरून शांत बसलेली. तिच्या त्या शांतपणाचाच जास्त त्रास झाला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार उपाय सांगतो.

गाडी सकाळची असेल तर आदल्या रात्रीच निघा.

नाशिकरोडला राहणाऱ्या नातेवाइकांशी गोड राहा. अलीकडच्या 'उपनगर' भागातले चालतील, पण दत्त मंदिराच्या पलीकडचे असले तर उत्तम.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे मेट्रोने जा. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. रबरी चाकं, वर विजेची तार, गंगापूरहून थेट नाशिकरोड. ती कुठून पकडायची एवढं मात्र मला विचारू नका. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "अरे, आमचे आजोबा सांगायचे, मेन रोडवरून स्टेशनला ट्राम जायची." खरंच जायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. घोडे ओढायचे.

पुण्याला जायचंय? २३५ किलोमीटरची सेमी हायस्पीड रेल्वे येतेय. खोडदच्या महाकाय दुर्बिणीला अडथळा नको म्हणून तिचा मार्ग बदलायचं ठरलंय. तोवर शिवशाही आहेच.

आता खोदकाम. यावर अजिबात कुरकुर करायची नाही, सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. २००३ला आला, २०१५ला आला, २०२७ला येणार हे पंचांग उघडणाऱ्या कोणालाही सांगता येतं, पण रस्ते करणाऱ्यांना दर वेळी अचानकच कळतं. आमच्या घरासमोरचा रस्ता आधी गॅसच्या लाइनीसाठी फोडला. बुजवला. डांबर पडलं, आम्ही खूश. पंधरा दिवसांत पाण्याच्या लाइनीसाठी तोच रस्ता, त्याच जागी फोडला. मग ड्रेनेजवाले आले. त्यांना विचारलं, "अहो, तिघं मिळून एकदाच का नाही फोडत?" तर म्हणे, टेंडर वेगळं आहे! टेंडर वेगळं, रस्ता एकच, मातीही तीच, आणि पाऊस पडला की त्यात पडणारा दुचाकीवालाही आपल्यातलाच. साधं 'काम चालू' लिहायचं सुचत नाही यांना, एक दगड ठेवून देतात! आणि कामाचा फलक मात्र दहा फुटी, त्यावर नेत्यांचे हसरे फोटो. कशाला हसताय?

जाऊ दे, उपाय-बिपाय पुरे झाले. शहरापासून स्टेशन आठ-नऊ किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरात भरवशाची, दर दहा मिनिटांनी येणारी बस यांना चालवता येत नाही, आणि गप्पा मेट्रोच्या! पाथर्डी फाट्याला, आडगावला, मखमलाबादला आधी टॉवर उभे करायचे, रस्ता नंतर, बस त्याच्याही नंतर. आणि आपण? फ्लॅट बघताना पार्किंग विचारतो, जिम विचारतो, मोड्युलर किचन ठोकून बघतो. बस कुठून जाते हे कितीजणांनी विचारलं? मीही नव्हतं विचारलं. मग द्वारकेला हॉर्न वाजवत बसतो, समोरचाही आपल्यासारखाच एकटा गाडीत बसलेला, आणि त्यालाच शिव्या घालतो.

आत्या दुसऱ्या दिवशी महामार्ग स्टँडवरून एसटीने गेली. सोडायला येऊ नकोस म्हणाली.